जे, के, ई म्हणजे 'राम': संगणकात दडलेली नवी मोडी

१/ इंग्रजीतील जे, के आणि ई ही तीन लहान अक्षरे ओळीने लिहिली, तर कोणताही शब्द तयार होत नाही. त्याच अक्षरांना 'कृतिदेव' हा फॉन्ट लावला की पडद्यावर 'राम' उमटतो. फॉन्ट काढला की राम अंतर्धान पावतो आणि जे, के, ई उरतात. ही केवळ गंमत नव्हे. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे संगणकावर लिहिला गेलेला मराठी मजकूर मोठ्या प्रमाणात याच अवस्थेत आहे. 🧵

२/ संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजीसाठी रूढ झालेल्या 'आस्की' संकेतात १२८ क्रमांक होते. पुढे आठ बिटांच्या पद्धतीत ते २५६ झाले. इंग्रजीला ही जागा ऐसपैस होती. देवनागरीत मात्र स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे असा मोठा परिवार नांदतो. प्रत्येक आकाराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा म्हटले, तर २५६ घरांची ही चाळ अपुरी पडते.

३/ यावरचे एक देखणे उत्तर भारतातच शोधले गेले. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले आणि १९८८ मध्ये ते पुण्याच्या सी-डॅककडे आले. संगणकात एक जास्तीचे कार्ड बसवायचे, की तो भारतीय लिप्या दाखवू लागे. त्यामागील 'इस्की' संकेताला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

४/ इस्कीचे वैशिष्ट्य असे, की 'क' देवनागरी असो, बंगाली असो वा गुजराती, त्याचा क्रमांक एकच. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या वेषात दिसे. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने लिप्यांना वेगवेगळी घरे दिली, पण मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरून उचलली. म्हणून देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, बंगाली 'क'चा २४५३ आणि गुजराती 'क'चा २७०९. यांतील अंतर नेमके १२८च्या पटीत आहे. नात्याची खूण आकड्यांत शिल्लक राहिली.

५/ मग घोडे अडले कुठे? प्रकाशनाच्या टेबलावर. पेजमेकरसारख्या आज्ञावल्या इंग्रजीसाठी घडलेल्या होत्या. त्यांना इस्की कळत नव्हते आणि युनिकोडही. तेव्हा एक युक्ती योजली गेली. संगणकाला इंग्रजी अक्षरेच लिहू द्यायची, फक्त त्या अक्षरांच्या चेहऱ्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवायचे. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी, माणसाच्या डोळ्यांना मराठी.

६/ कृतिदेवची रचना रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर बेतलेली होती. त्यामुळे यंत्रावर हात बसलेल्यांना नवे काही शिकावे लागले नाही. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' अनेक छापखान्यांत पोहोचली. पण प्रत्येकाचे मुखवटे निराळे. एका फॉन्टमध्ये 'क' जिथे बसे, तिथे दुसऱ्यात भलतेच अक्षर असे. दोन संगणकांवर दोन निराळे फॉन्ट असतील, तर मराठी माणसाला मराठी माणसाचेच पत्र वाचता येत नसे.

७/ आज या तडजोडीला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. युनिकोड कागदावर असणे वेगळे आणि ते समजणारा संगणक टेबलावर असणे वेगळे. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती 'विंडोज २०००'पासून. त्यासोबतचा 'मंगल' हा फॉन्ट कवी आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. तोवर छपाई थांबवून बसणे कोणाला शक्य होते? गतकाळाला आजच्या साधनांनी जोखणे हा इतिहासाच्या अभ्यासातील मूलभूत दोष आहे आणि तो इथेही टाळला पाहिजे.

८/ युनिकोड रुळल्यावर मराठी आंतरजालावर मोकळेपणाने वावरू लागली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मोबाइल आल्यावर तर जुने फॉन्ट विस्मरणातच गेले. पण त्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर आपोआप नव्या संकेतात आला नाही. त्या धारिका आज उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा दिसतो. त्यात 'पुणे' शोधले तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे 'पुणे' कधी लिहिलेच गेले नव्हते.

९/ महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. शतकानुशतके राज्यकारभार, जमाखर्च आणि पत्रव्यवहार मोडीत चालला. पुढे छपाईत आणि शाळेत बाळबोध देवनागरी स्थिरावली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी रोजच्या व्यवहारातून गेली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांसमोर बहुतेक मराठी माणूस निरक्षर असतो. भाषा त्याचीच, शब्द ओळखीचे, फक्त लिपीची किल्ली हरवलेली.

१०/ तुलना इथवर चालते, पुढे मात्र ती मोडीच्या बाजूने झुकते. मोडी कागद डोळ्यांना दिसतो. सरावाने तो वाचता येतो, त्याला वीज लागत नाही. शिवाय जून २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान मिळाले. जुन्या फॉन्टांतील मजकुराचे तसे नाही. त्याची किल्ली म्हणजे एक छोटीशी फॉन्टची धारिका. ती पुसली गेली आणि फॉन्टचे नावही कुठे नोंदलेले नसेल, तर वाचकाला जे, के, ई यांपासून सुरुवात करावी लागते.

११/ 'परिवर्तक आहेत की!' असे उत्तर यावर हमखास येते. परिवर्तक आहेत आणि ते उपयुक्तही आहेत. पण जुने फॉन्ट अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवत, तर युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवते. 'कि' लिहिताना जुन्या पद्धतीत आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये याच्या उलट. 'मार्गावर'मधला रफार पूर्वी 'गा'नंतर येई, आता तो 'ग'च्या आधी लागतो. प्रत्येक शब्दात अशी उचलठेव करताना चुका होतात. मधेच खरा इंग्रजी शब्द आला, तर त्याचेही निरर्थक मराठी होते.

१२/ सर्वांत नाजूक प्रश्न 'ऱ्य'चा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी यांत केवढे अंतर! युनिकोडमध्ये हा पापणीसारखा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटू शकतात आणि शोध फसतो. परिवर्तकाने हा भेद गिळला, तर अर्थच बदलतो. जुन्या पोथीतील लेखनिकाच्या हस्तदोषाचा हा आधुनिक अवतार.

१३/ इंग्लंडचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १०८६ मध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने 'डूम्सडे बुक' ही देशाची मोजदाद चर्मपत्रावर लिहिली गेली. तिच्या ९००व्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांच्या सहभागातून नवी मोजदाद लेसर तबकड्यांवर नोंदवली. अवघ्या १५-१६ वर्षांत त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या प्रकल्पाला जुन्या यंत्राची संगणकीय नक्कल करून मजकूर सोडवावा लागला. मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

१४/ आक्षेप असाही येईल, की पुस्तके छापील रूपात आहेतच, मग धारिकांची चिंता कशाला? पण इतिहास केवळ छापील पुस्तकांवर लिहिला जात नाही. तो मसुद्यांवर, याद्यांवर, पत्रांवर, अहवालांवर लिहिला जातो. पेशवाई समजते ती बखरींपेक्षाही दप्तरांतून. आर्थिक उदारीकरण आणि किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या दशकाचे दप्तर कागदाइतकेच फ्लॉपी आणि सीडींवर आहे, आणि ही माध्यमे रुमालात बांधलेल्या कागदाइतकी चिवट नाहीत.

१५/ उपाय अवघड नाहीत. पहिला, मूळ धारिका कधीही पुसू नये. तिच्यासोबत फॉन्ट आणि फॉन्टचे नाव जपावे. दुसरा, परिवर्तनाला यांत्रिक काम न मानता संपादन मानावे. मोडीच्या लिप्यंतराइतक्याच काळजीने माणसाने ते तपासावे. तिसरा, इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीच्या शेजारी या संकेतांनाही जागा द्यावी. चौथा उपाय घरोघरचा आहे: कपाटातील जुनी सीडी फेकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी.

१६/ मोडी विस्मरणात जायला काही पिढ्या लागल्या. या नव्या मोडीला एक पिढीही लागली नाही. फरक एवढाच, की ती लिहिणारे हात अजून आपल्यात आहेत. कुठल्या छापखान्यात कोणता फॉन्ट होता, कोणती कळ दाबली की 'ज्ञ' उमटे, हे त्यांना अजून आठवते. त्यांना विचारायची वेळ आजची आहे. उद्याच्या अभ्यासकासमोर जे, के, ई ही तीन अक्षरे येतील, तेव्हा त्यांत राम आहे हे सांगणारे कोणीतरी असायला हवे.

(समाप्त)