मेजर विषय निवडताना घाई नको. क्रेडिटचा हिशेब आधी समजून घ्या

शिराळा : "मेजर राज्यशास्त्र, मायनर इतिहास," असं बी.ए.चं पोरगं सांगतं. घरच्यांना यातलं काही कळत नाही, पोरालाही निम्मंच कळलेलं असतं.

नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत आलं. पहिल्या वर्षी विषय चाचपायचे, नंतर मेजर ठरवायचा, असा आराखडा आहे. यूजीसीच्या नियमानं तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यातली निम्मी, म्हणजे ६०, मेजर विषयातच हवीत. चार वर्षांच्या ऑनर्सला १६० पैकी ८०. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के पाहिजेत.

पीकविमा, ग्रामपंचायतीचा निधी, चांदोली धरणग्रस्तांचं पुनर्वसन, हे सगळं सरकारी धोरणच. ते शिकायचं तर आपल्या पोरांना राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन हाच जवळचा रस्ता. पण 'एमपीएससीला चालतंय' म्हणून मित्राच्या मागं जाऊन मेजर घेऊ नका.

खरा धोका मधेच सोडण्यात आहे. 'एक वर्षावर सर्टिफिकेट मिळतं' हे अर्धंच खरं. ४० क्रेडिटशिवाय सुट्टीत ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स करावा लागतो. परत यायचं तर तीन वर्षांत, आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी व्हायला हवी. लग्न ठरलं म्हणून पोरीचं कॉलेज बंद करणाऱ्या घरांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी पालकांनी एकदा कॉलेजात जावं, आणि जमा झालेली क्रेडिट पोरांनी मोबाईलवर दर सेमिस्टरला तपासावीत.