पाठ १७ सप्टेंबरला संपत नाही

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

नरसंहार शिकायचा म्हटला की आमच्यापुढे हिटलरची जर्मनी येते, फार तर रवांडा. आपल्या मराठवाड्याची पाळी आली की पुस्तक मुके होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी गावोगाव केलेली लूट, जाळपोळ आणि खून आम्ही शिकतो. ते शिकलेच पाहिजे. पण हैदराबादचा निजाम भारतापुढे शरण आला त्या १७ सप्टेंबर १९४८ ला आमचा धडा संपतो. माणसे मारली जाणे त्या दिवशी संपले नव्हते, हे शासनाला पक्के ठाऊक आहे.

ठाऊक आहे, कारण भारत सरकारनेच चौकशीला माणसे पाठवली होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हैदराबाद संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. भारतीय फौजेच्या ‘पोलीस कारवाई’त आणि तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार शहरात उरलेले समितीला दिसले. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेते मोजली. त्यात एक बाई होती, तिच्या छातीला मूल चिकटलेले होते. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. समिती फिरत असतानाच, ९ डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी नरसंहारविरोधी करार मंजूर केला. भारताने त्यावर १९४९ मध्ये सही केली, १९५९ मध्ये त्याला अंतिम मान्यता दिली. देशात मात्र नरसंहार हा वेगळा गुन्हा ठरवणारा कायदा आजही नाही.

यावर ठरलेली उत्तरे येतील. पहिले, निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाला बट्टा लागेल. का लागावा? स्वामी रामानंद तीर्थांनी उभा केलेला लढा निजामी सत्तेविरुद्ध होता. विहिरीतल्या त्या बाईविरुद्ध नव्हता. आणि सुंदरलाल कोणी परके नव्हते, इंग्रजांनी त्यांच्या ग्रंथावर बंदी घातली होती. दुसरे, जुनी जखम उकरली तर दंगे होतील. दंगे अफवांवर पोसतात, आणि छापील आकडा नसला की दोन्ही बाजूंच्या अफवांना मोकळे रान मिळते. तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: याला नरसंहार म्हणता येईल का? करारानुसार एखादा समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. सूडाने पेटलेले जमाव, लुटीत सामील झालेले काही सैनिक आणि पोलीस, यांमागे एकच हेतू होता असे ठामपणे म्हणता येत नाही. नेमका हाच वाद वर्गात व्हायला हवा. शब्दावर मतभेद असू द्या, मेलेल्यांचा आकडा लपवू नका.

आणि त्याच अहवालात लिहिलेली आणखी एक गोष्ट तुम्ही आमच्यापासून दूर ठेवली आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवले, काहींनी त्यापायी जीव दिला. पळवून नेलेल्या मुसलमान बायका परत आणायला कित्येक हिंदूंनी मदत केली. माणुसकीचे काम म्हणजे काय ते शिकायला आम्हाला परदेशी उदाहरणे पुरवता, आणि घरची माणसे दडवता.

सुंदरलाल अहवाल मराठीत छापून प्रत्येक माध्यमिक शाळेत पाठवा. नववी-दहावीच्या इतिहासात रझाकारांच्या पाठालगत त्याचा पाठ घाला, पुढच्या १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाआधी.

एक विद्यार्थी,
पोखर्णी, जि. परभणी