गिझरची टपटप

ईट येथील एका आजोबांच्या न्हाणीघरात गिझरखालच्या झडपेतून पाणी टपटपत होते, म्हणून घरच्यांनी तिच्या तोंडावर चिंधी घट्ट आवळली होती. मी आधी ती चिंधी सोडवली, मग आजोबांचा रक्तदाब पाहिला.

पाणी तापले की फुगते. त्या वाढत्या दाबाला वाट देणे हेच या सेफ्टी व्हॉल्व्हचे काम. तेव्हा पाणी तापताना चार थेंब पडले तर घाबरू नये. गिझर बंद असतानाही गळती थांबत नसेल, तर नळाचा दाब जास्त असावा किंवा झडपेत क्षार अडकले असावेत. १० मीटर उंचीच्या टाकीचा दाब सुमारे १ बार भरतो. वेगळा प्रेशर पंप जोडला असल्यास संशय आधी त्याच्यावर घ्यावा. आपल्या बोअरच्या जड पाण्याने झडप मिटलेलीच चिकटून बसली, तर मात्र ती गळत नाही, आणि खरा धोका तोच. नळातून वाफ फुसफुसू लागल्यास मुख्य बटण बंद करून दूर व्हावे व जाणकार कारागीर बोलवावा.

तोवर स्नान चुलीवरच्या पाण्याने होऊ द्यावे. विसण घातल्यावर आधी आपला हात बुडवून पाहावा. उतारवयात पोळल्याचे उशिरा कळते.