तकरीर आणि तहकीक

आपल्या समाजात बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. जलशात तास-दोन तास लोकांना जागेवर बसवून ठेवणारे वक्ते गावोगाव आहेत. टंचाई आहे ती पुराव्यानिशी लिहिणाऱ्यांची. तकरीर आपल्याला येते. तहकीक, म्हणजे शोध घेऊन, शहानिशा करून, हवाल्यासह मांडणी करणे, हे काम मात्र आपण विद्यापीठांवर आणि सरकारी समित्यांवर सोडून मोकळे झालो आहोत. याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वक्तृत्वाला मी कमी लेखत नाही. ॲरिस्टॉटलने या कलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद, या तीन गोष्टींनी माणसाचे मन वळते, हे त्याचे म्हणणे आजही लागू पडते. त्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्यांत बाराव्या शतकातले कुर्तुब्याचे इब्न रुश्द होते. आपल्या ‘फस्लुल मकाल’मध्ये त्यांनी माणसाला पटवण्याचे तीन मार्ग वेगळे केले. बुरहान म्हणजे सिद्ध करून दाखवणे, जदल म्हणजे वादातून पटवणे आणि खिताबत म्हणजे भाषणाने मन वळवणे. तिन्हींना त्यांनी आपापली जागा दिली. आपली अडचण अशी की, जिथे बुरहान मागितला जातो तिथेही आपण खिताबत घेऊन जातो.

महाराष्ट्रातल्या आरक्षणाचेच उदाहरण घ्या. या मागणीसाठी किती सभा झाल्या, याची गणती नाही. पण जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, तेव्हा त्याला आधार लागला तो समित्यांच्या अहवालांचा. केंद्राच्या सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला होता. राज्याने २००८ मध्ये नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने आपला अहवाल २०१३ मध्ये दिला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकऱ्यांतील आरक्षणालाही दिली. पण मुस्लिमांचे शिक्षणातले आरक्षण चालू ठेवण्यास मुभा दिली. पुढे अध्यादेशाची मुदत संपली, कायदा झाला नाही आणि तेही हातचे गेले. तो राजकारणाचा भाग. पण न्यायालयात जेवढे टिकले ते टाळ्यांवर टिकले नाही. तिथे आकडे लागतात, तक्ते लागतात, माहिती कशी गोळा केली हे सांगावे लागते.

दुसरे उदाहरण मदरशांचे. मुस्लिम मुले शाळेत जातच नाहीत, सगळी मदरशात जातात, असे विरोधक वर्षानुवर्षे सांगत होते. आपले वक्ते उत्तरादाखल मदरशांची थोरवी सांगत होते. मुळात किती मुले मदरशात जातात, हा साधा प्रश्न कोणी विचारत नव्हते. सच्चर समितीने तो विचारला. शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशात शिकतात, असे उत्तर आले. समितीने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. सकाळ-संध्याकाळ कुरआन शिकायला मकतबमध्ये जाणारे मूल दिवसा नेहमीच्या शाळेतही जात असते. मकतब आणि मदरसा एकच समजले की हिशोब चुकतो. संशोधनात व्याख्येला एवढे महत्त्व का असते, हे यावरून कळावे. शब्दाचा अर्थ आधी ठरवला नाही, तर पुढची मोजणी फुकट जाते.

खरे तर ही शिस्त आपल्याला परकी नाही. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, कोणी बातमी आणली तर आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे. हदीसच्या अभ्यासकांनी त्यातून एक शास्त्रच उभे केले. अमुकने तमुककडून ऐकले, त्याने कोणाकडून, अशी सनद थेट पैगंबरांपर्यंत (स.) पोहोचली पाहिजे. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला कधी भेटला तरी होता का, हे तपासले जाई. हदीसचा आशय कितीही सुंदर असला तरी सनद कच्ची असेल तर मुहद्दिस तसे स्पष्ट नोंदवत. आजच्या संशोधन-लेखनातली तळटीप याच वृत्तीची आहे.

आणि आपण काय करतो? शिक्षणावरच्या आपल्या भाषणांत इल्मसाठी चीनपर्यंत जायला सांगणारे वचन हमखास येते. त्याची सनद अनेक मुहद्दिसांनी कमकुवत ठरवली आहे. इब्नुल जौझींनी तर ते बनावट हदीसांच्या आपल्या संग्रहात घातले आहे. ज्ञानाची महती सांगतानाच ज्ञानाचा पहिला नियम मोडावा, याला काय म्हणायचे? शिक्षणाचे महत्त्व सांगायला त्या वचनाची गरजही नाही. पण ते ऐकायला छान वाटते, म्हणून मंचावरून व्हॉट्सॲपवर आणि व्हॉट्सॲपवरून पुन्हा मंचावर फिरत राहते.

इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना इतिहासकारांची हीच सवय पकडली. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाखांवर माणसे होती, असे मसऊदींसारखा नामवंत इतिहासकार लिहून गेला होता. इब्न खल्दून यांनी साधे प्रश्न केले. एवढे सैन्य त्या प्रदेशात मावेल का? एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल का? हजरत याकूबांपासून मूसांपर्यंतच्या मोजक्या पिढ्यांत वंश इतका वाढेल का? लेखक मोठा आहे म्हणून त्याचा आकडा खरा होत नाही.

मराठीतही हा धडा जुना आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा रसाळ बखरींपेक्षा त्या काळातल्या मूळ पत्रांवर भर दिला. बखर वाचायला गोड असते, पण त्या दिवशी लिहिलेले पत्र जास्त भरवशाचे. आज इतिहासाच्या नावाने आपल्यावर रोज नवे आरोप होतात. त्यांना उलट आरोपाने उत्तर देण्यापेक्षा ‘मूळ कागद कोणता, तारीख कोणती?’ एवढे विचारणे जास्त परिणामकारक ठरते. मात्र हा प्रश्न विचारण्याचा अधिकार हवा असेल, तर आपल्या लिखाणातही कागद आणि तारीख असली पाहिजे.

आपल्या मुलामुलींना यातले काय शिकवता येईल? सुरुवात लहान प्रश्नापासून करावी. ‘मुस्लिम मुलींचे शिक्षण’ हा प्रश्न नाही, तो भाषणाचा विषय आहे. ‘मालेगावच्या अमुक दोन यंत्रमाग वस्त्यांतल्या मुली कोणत्या इयत्तेनंतर शाळा सोडतात, आणि पुढच्या वर्गाची शाळा घरापासून किती लांब आहे?’ हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चार महिने फिरून मिळू शकते. उत्तर आपल्याला आवडेल असेच निघेल, ही अपेक्षा ठेवू नये. घरची गरिबी निघेल, रस्त्याची भीती निघेल, कदाचित घरातल्या वडीलधाऱ्यांचा नकारही निघेल. जे निघेल ते लिहावे.

लिहिताना आपण स्वतः पाहिलेले, दुसऱ्याने सांगितलेले आणि आपला अंदाज, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दोन वस्त्या पाहिल्या तर दोन वस्त्यांबद्दलच बोलावे, साऱ्या समाजाबद्दल नाही. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव, पुस्तक, वर्ष आणि पान द्यावे. नाव न देता घेणे ही चोरी आहे. आणि विरोधकाचे म्हणणे, तो स्वतः वाचून ‘हो, हेच म्हणालो’ असे म्हणेल इतक्या प्रामाणिकपणे मांडावे. मगच ते खोडावे.

कोणी म्हणेल, एवढे करून मिळते काय? सच्चर समितीच्या अहवालाचे तरी काय झाले? तक्रार रास्त आहे. अहवाल हातात असूनही सत्ता हलत नाही, हे आपण पाहिले आहे. पण आज, इतक्या वर्षांनीही, आपल्या परिस्थितीबद्दल बोलायचे तर मित्र आणि विरोधक दोघांनाही त्याच अहवालापाशी यावे लागते. त्याच काळातली किती भाषणे आपल्याला आठवतात?

भाषण मुख्यतः आपल्या बाजूच्या माणसांसाठी असते. संशोधन-लेखन जो आपल्या बाजूचा नाही त्याच्यासाठी असते. त्याला आपल्यावर विश्वास ठेवायला सांगायचे नसते, स्वतः तपासून बघायला सांगायचे असते. अल्पसंख्य समाजाला या दुसऱ्या वाचकाची गरज जास्त आहे. म्हणून वार्षिक जलशाच्या मांडवावर आणि ध्वनिक्षेपकावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग मोहल्ल्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या पाहणीसाठी बाजूला काढा. तिच्या पाहणीचे वीस पानांचे टिपण छापा, आणि पुढच्या जलशात वक्त्याला त्या टिपणातूनच बोलायला सांगा.