मोफत उपचारांची किंमत

वऱ्हाडच्या फेररचनेत १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्यास पुसद हा तालुका जोडला गेला आणि तो यवतमाळ जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. पटकी, देवी व प्लेग यांनी ग्रासलेल्या त्या काळात नगरपालिकांची साधने तुटपुंजी होती. तथापि पाणी, सफाई, लस टोचणे व धर्मार्थ दवाखाना ही गावाची सामाईक जबाबदारी होय, हे तत्त्व रुजू लागले होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने त्या व्यवस्थेचा अपुरेपणा उघड केला. तत्त्वाचा फोलपणा नव्हे.

यवतमाळात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय झाली. परंतु एका मोठ्या रुग्णालयाने दहा लहान दवाखान्यांची उणीव भरून निघत नाही. उमरखेडहून यवतमाळ सुमारे शंभर किलोमीटर. तेथून येणाऱ्या मजुरास उपचार फुकट मिळाले, तरी दोघांचे एस.टी. भाडे, बुडालेला रोज आणि सोबत्याचे जेवण यांचा हिशेब कोणत्याच केसपेपरवर नोंदला जात नाही. सरकारी खर्चात दिसणारी बचत वस्तुतः गरिबाच्या खिशातून होते. २०१७ च्या फवारणी हंगामात विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषबाधेत तर प्रत्येक तास मोलाचा. तेथे अंतर हाच एक आजार ठरतो.

लहान ठिकाणी डॉक्टर टिकत नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. पण निवासस्थान, नियमित औषधपुरवठा व पुरेसे सहकारी न देता डॉक्टरांकडून त्यागाची अपेक्षा करणे हे नियोजन नव्हे. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक केंद्र हाच आरोग्यव्यवस्थेचा पाया मानला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही दोनतृतीयांश वा त्याहून अधिक साधने प्राथमिक सेवेकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. उणीव विचारांची नाही, तरतुदीची आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत घातला. तेव्हा जिल्ह्यातील नगरपालिकांनी व जिल्हा परिषदेने दरवर्षी अंदाजपत्रकासोबत एवढे तरी जाहीर करावे : प्रत्येक दवाखान्यात वर्षातून किती दिवस डॉक्टर हजर होते आणि किती दिवस औषधे शिल्लक होती? इमारतींच्या उद्घाटनांपेक्षा या दोन आकड्यांवरून जनतेला आपल्या आरोग्यसेवेची खरी प्रकृती अधिक कळेल.