साखर, शुगर आणि माझी एक चूक

आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) उसाचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून साखर आमच्या बोलण्यात कायमची. सध्या 'शुगर' वाढल्याने माझ्या चहात मात्र ती नाही!

परवा नातीने विचारले, "आजोबा, साखर आणि शुगर सारखेच वाटतात. कुणी कुणाचा शब्द घेतला?" माझ्यातला मास्तर जागा झाला.

मूळ शब्द संस्कृत 'शर्करा'. अर्थ खडे, वाळू. रवाळ गोडाला तेच नाव पडले. प्राकृतात 'सक्करा', तिची मराठीत 'साखर'. तोच शब्द इराणात 'शकर' झाला, अरबांकडे 'सुक्कर', आणि लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत 'शुगर'. गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात, तीही शर्करेचीच नात. ती दक्षिण भारतातून पोर्तुगीजांच्या तोंडून गेली.

इथवर ठीक. पण शाळेत मी याच दमात सांगायचो, की 'मदर', 'फादर'ही संस्कृतातूनच इंग्रजीत गेले. मुले खूश व्हायची, मीही. ते चूक होते.

मातृ आणि मदर या मायलेकी नाहीत, बहिणी आहेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एकच असावे आणि ते कदाचित आज उरले नसेल, असे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली मांडले. पुढे अभ्यासकांना त्यातले नियम सापडले. पितृ-फादर, पाद-फूट पाहा. आपल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ'. असा नेम उसनवारीत दिसत नाही, घराण्यात दिसतो. शुगर उसनी आहे, मदर नात्यातली.

फरक लहान वाटेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. "सगळे आमच्यातूनच गेले" म्हणणारा आणि "मराठीत आहे काय?" म्हणणारा, दोघेही शब्दाची वाट तपासत नाहीत. उसने घेण्यात कमीपणाही नाही. आपला 'पगार' आणि 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आले, 'खुर्ची' अरबीतून. त्यांना परके कोण म्हणेल?

असो. माझे विद्यार्थी आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्या. मास्तर चुकले होते.