तुती वाढली, पण शेजारच्या फवाऱ्याचं काय?

मराठवाड्यात बीड, जालना, धाराशिवकडे कापूस-सोयाबीनच्या मधोमध आता तुतीचे हिरवे पट्टे दिसतात. रोजगार हमीतून लागवड अन् शेडला मदत मिळते, दरवर्षी महारेशीम अभियानात नावनोंदणी होते. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जावं लागायचं. 2018 मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला आणि गाडीभाडं वाचलं. महिन्याभरात हातात पैसा देणारं दुसरं पीक कोरडवाहू गावात सहसा सापडत नाही.

पण ऑगस्ट-सप्टेंबर आला की शेडमध्ये धाकधूक सुरू होते. कारण बांधापलीकडं फवारणी चालू असते. सोयाबीनवर मारलं जाणारं क्लोरँट्रानिलीप्रोल हे औषध मुळात अळी मारण्यासाठीच बनलेलं आहे, आणि रेशीमकीटक म्हणजेही अळीच. औषधाला घरची अळी कोणती अन् दुसऱ्याची कोणती, हे कसं कळणार! वाऱ्यानं उडालेला फवारा तुतीच्या पानावर बसतो, पान हिरवंगार दिसतं, आणि ते खाल्लेल्या अळ्या तोंडातून पाणी काढतात, वळवळतात, मरतात. विष कमी गेलं तर त्या जगतात, पण कोष पातळ करतात किंवा करतच नाहीत.

त्यातही फटका बसतो तो शेवटच्या आठवड्यात. एकूण पाल्यापैकी 80 टक्क्यांहून जास्त पाला पाचव्या अवस्थेतली अळी खाते. म्हणजे मजुरी, पाला, अंडीपुंज असा सगळा खर्च होऊन गेल्यावर बॅच जाते. 100 अंडीपुंजांमागं 60-70 किलो कोष धरून केलेला हिशेब एका रात्रीत कोलमडतो. पीक विम्यात कापूस, सोयाबीन, तूर आहे. अळ्यांना तिथं जागा नाही. शेजाऱ्याशी भांडावं, तर त्याचंही पीक वाचायला हवंच की.

जाणते शेतकरी नव्या पाल्याआधी पाच-पन्नास अळ्यांना तो खाऊ घालून एक दिवस वाट बघतात. काही जण बांधाला हत्तीगवत लावतात. त्यानं फवारा थोडा अडतो, पूर्ण नाही. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोण कधी फवारणार एवढं आदल्या दिवशी टाकलं, तरी पाला आधीच तोडून ठेवता येतो. याला एक रुपया लागत नाही. तरी रेशीम कार्यालयाच्या अभियानात एकरांचं उद्दिष्ट असतं, शेजारच्या कापूसवाल्याला बैठकीला बोलावलेलं क्वचितच दिसतं.